माळ्यावरचा देव

आमच्या चर्चच्या नाटकात देव दिसत नाही. तो वर माळ्यावर, घंटेच्या दोराशेजारी, एका डुगडुगत्या बाकावर बसतो आणि तिथून पाइपातून बोलतो. हा देव म्हणजे आमचे हे. धंद्याने प्लंबर, त्यामुळे पाइपही त्यांनीच बसवलेला.

नाटक दरवर्षी तेच असतं. एदेन बाग, आदाम, हव्वा, खाऊ नको म्हणून सांगितलेलं ते फळ, मग लपाछपी, देवाची हाक आणि शेवटी हकालपट्टी. सगळ्यांना सगळं पाठ, तरी बसायला जागा मिळत नाही, कारण प्रत्येकाचं कोणी ना कोणी त्यात असतंच. कुणाचा नातू ससा, कुणाची सून झाड. मी शिवणकाम करते, म्हणून कपडे माझ्याकडे. शिवाय नाटक चालू असताना झुडपामागे स्टुलावर बसून कोणी वाक्य विसरलं तर ते पुटपुटायचं, हेही माझ्याकडेच. देव वर आणि मी झुडपामागे, अशी आमच्या संसाराची विभागणी फार वर्षांची आहे.

पूर्वी देव पडद्यामागून बोलायचा. एका वर्षी ऐन हाकेच्या वेळी पडदा दांडीसकट खाली आला आणि भरल्या चर्चने देवाला पेपरमिंट चघळताना पाहिलं. तेव्हापासून ह्यांनी मनावर घेतलं. माळ्यावर नरसाळं, तिथून भिंतीच्या कडेने चार इंची पाइप, रंगमंचाच्या फळ्यांखालून एक वळण, आणि पाइपाचं तोंड थेट झुडपात. वर हे बोलले की खाली जमीनच बोलतेय असं वाटतं. पहिल्या वर्षी तर पुढच्या बाकावरची तान्ही मुलं एकसाथ रडली होती. इतक्या वर्षांत इतक्या इमारतींना पाणी दिलं, पण हे छाती फुगवून सांगतात ते या पाइपाबद्दलच.

त्यात एक गोम आहे, आणि ती फक्त आम्हा दोघांना माहीत. पाण्याला उलटं जाऊ द्यायचं नसेल तर मध्ये व्हॉल्व्ह टाकता येतो, आवाजाला टाकता येत नाही. पाइपाच्या तोंडाशी झुडपात जे बोलावं ते जसंच्या तसं वर ऐकू येतं. एकदा मी तिथे बसून आमच्या चर्चचं बघणाऱ्या पाळकबाईंपाशी ह्यांच्याबद्दल चार शब्द बोलले, आणि घरी जेवताना ह्यांनी ते चारही शब्द मला परत केले. तेव्हापासून झुडपात मी तोंड सांभाळते. बाकी कुणाला कळायचं कारणच नव्हतं. आदाम तिथे लपतो तेव्हा गप्प बसतो, आणि प्रेक्षकांना फक्त देवाचं बोलणं ऐकू येतं, ते तर ऐकू यायलाच हवं.

आता मुलाचं सांगते. आम्हाला तो एकच. हातात पाना धरता आला तेव्हापासून बापाबरोबर कामाला जायचा. दोघं एका सिंकखाली डोकी घालून बसले की कुठला पाय कुणाचा ते मला ओळखू यायचं नाही. एका रविवारी चर्चमधून आल्यावर जेवताना तो म्हणाला, अगदी शांतपणे, "बाबा, पुढच्या रविवारपासून मी येणार नाही. प्रार्थनेला डोळे मिटतो तेव्हा पलीकडे कोणी ऐकतंय असं मला वाटत नाही. उगाच ढोंग कशाला करायचं?"

"ढोंग?" हे म्हणाले. "म्हणजे आम्ही ढोंगी?"

"मी माझ्यापुरतं बोलतोय."

"ज्या घरात रोज प्रार्थना होते, त्या घरात मग तुझं काय काम?"

ह्यांचा राग दुधासारखा आहे. एकदम वर येतो, आणि गॅस बंद केला की तितक्याच झटकन खाली बसतो. दुसरं कुणी असतं तर तेवढा वेळ थांबलं असतं. पण मुलगाही ह्यांचाच. दूध खाली बसायच्या आत त्याची बॅग भरून झाली होती.

त्याने लाँड्रीच्या वर एक खोली घेतली. नोकरीही धरली, ती नळ आणि पाइपांच्या दुकानात. आणि दुकान कुठलं, तर जिथून हे सगळं सामान आणायचे तेच. झालं, ह्यांनी त्या दुकानाकडे पाठ फिरवली. साधा वॉशर हवा असला तरी हे गावाच्या दुसऱ्या टोकाला जायला लागले. घामाघूम होऊन यायचे आणि तिथला वॉशर कसा चांगला असतो ते मला ऐकवायचे. दोन्हीकडचे वॉशर एकाच कंपनीचे. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर फार बोलले असते.

असा दोघांनी अबोला धरला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, अबोला जागचा हलेना. मी मुलाकडे डबा घेऊन जायची. डबा भरताना हे कोपऱ्यातून बघायचे, "एवढंसं?" म्हणायचे, आणि आपण काही बोललोच नाही अशा थाटात पेपर उघडायचे. पेपर बऱ्याचदा उलटा असायचा. मला हसू यायचं आणि चीडही यायची. दोन मोठे पुरुष, दोघांनाही एकमेकांची आठवण येते, आणि मध्ये मी डबा घेऊन फिरते.

म्हणून या वर्षी मी जरा हात चालवला. आमचा नेहमीचा आदाम म्हणजे इलेक्ट्रिशियन. माणूस भला, पण वर्षागणिक पोट सुटत चाललेलं. पानांचा वेश मी त्वचेच्या रंगाच्या गंजीवर शिवते, नाहीतर आदामाला सर्दी होते. या वेळी त्याचं माप घेतलं आणि शिवताना दोन्ही बाजूंनी थोडं थोडं खाल्लं. त्याने वेश चढवला, श्वास सोडला, आणि तीन-चार पानं टपाटप खाली पडली. मी तोंडावर हात ठेवून म्हणाले, "अरे देवा, आता कसं व्हायचं?" पाळकबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. नाटक त्याच बसवतात. इलेक्ट्रिशियनला दिव्यांवर बढती मिळाली. तिथे तो खूशच होता, मनातून त्याला पहिल्यापासून तेच हवं होतं.

मग डबा घेऊन मी लाँड्रीच्या वर गेले.

"तुला सगळं पाठ आहे," मी मुलाला म्हणाले. "ससा झालास, झाड झालास, साप झालास. आता आदाम उरलाय."

"आई, मी चर्चला येत नाही. तुला माहितीये."

"चर्चला कोण ये म्हणतंय? नाटकाला ये. त्याला विश्वास लागत नाही, पाठांतर लागतं."

त्याने डब्याचं झाकण उघडलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "देव अजून बाबाच आहेत का?"

"तेच. का रे?"

"काही नाही, असंच."

त्या 'असंच'वर मी जिना उड्या मारत उतरले. गुडघे दुखतात हे खाली आल्यावर आठवलं.

वेश घालून बघताना मात्र त्याने मला पकडलं. "हे तू मुद्दाम केलंयस."

"पानं टोचतायत का?"

"बाबा माझ्याशी बोलणार नाहीत."

"बाबा कुठे बोलतायत? देव बोलणार. तुझा त्याच्यावर विश्वास नाही, मग तुला काय फरक पडतो?"

तो हसला. टाचण्या टोचत असतानाही हसला, आणि मला वाटलं, आता जमलं.

कसलं जमतंय. माळ्यावरून रंगमंच दिसत नाही. हाक कधी मारायची ते सांगायला तिथे एक लाल बल्ब लावलेला आहे. त्यामुळे पहिल्या तालमीत हे आदामाला नेहमीसारखे खणखणीत हाका मारून खाली उतरले, आणि पाहतात तर पानं लावून आपलाच मुलगा उभा. चहा न पिता घरी गेले. पुढच्या तालमीला लाल बल्ब लागला तरी पाइप गप्प.

"देवा, हाक मारा," पाळकबाई वर तोंड करून ओरडल्या.

"घसा बसलाय," वरून आलं.

"बसलेल्या घशाने मारा."

मग हाक आली. भाडं बुडवणाऱ्या भाडेकरूला घरमालक मारील तशी. "आदामा. कुठे आहेस?" सशांपैकी एक रडायला लागला आणि त्याची आजी त्याला घेऊन बाहेर गेली.

पाळकबाईंनी ह्यांना खाली बोलावलं. बाई ठेंगणी आहे, पण बोलायला लागली की समोरचा आपोआप खाली बसतो. "असं नाही हो," त्या म्हणाल्या. "देवाला वाईट वाटलंय. त्याची लेकरं त्याच्यापासून लपली आहेत."

"वाईट कसलं, राग आलाय," हे म्हणाले. "आणि का येऊ नये? एवढी बाग दिली. पाण्याची काय सुरेख सोय, एक नदी आणि तिचे चार फाटे, पंपाची भानगड नाही. बदल्यात सांगितलं काय, तर एवढं एक फळ सोडा. आणि हे नेमकं तेच खातात. ऐकायचं म्हणून नाही."

"राग येईल ना. पण नुसता राग आलेला माणूस हाका मारत फिरतो का? तो दार लावून आत बसतो."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पानं मोजत होते.

"आणि आदाम कुठल्या झुडपात आहे हे त्याला ठाऊक नव्हतं का?" पाळकबाई म्हणाल्या. "झुडपं त्यानेच लावलेली. ठाऊक असून विचारतो, कारण त्याला वाटतं, ह्याने आपणहून बाहेर यावं. आला नाही तर तो काय करणार? ओढून काढलं तर ते येणं नव्हे."

"पाइपात आवाज घुमतो," हे म्हणाले. "त्याला मी काय करू?"

पाइपाला दोष दिलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

घरी आल्यावर हे टेबलावर पेपर पसरून एक जुना नळ उघडून बसले. मी समोर आदाम-हव्वेचे शेवटचे कोट शिवत होते, बागेतून बाहेर पडताना घालायचे, केसाळ कापडाचे. शिवता शिवता मला काहीतरी सुचलं आणि सुचलं की मला राहवत नाही.

"अहो," मी म्हणाले, "हाकलण्याआधी देवाने त्यांना कपडे शिवून दिले."

"माहितीये."

"नुसतं माहीत असून काय उपयोग? तुम्ही कधी शिवलं नाहीत म्हणून तुमच्या लक्षात येत नाही. ज्याच्यावर नुसता राग आहे त्याचं माप कोणी घेत नाही. माप घ्यायला जवळ जावं लागतं. खांद्याला हात लावावा लागतो, हात वर कर, वळ, सरळ उभा राहा, असं म्हणावं लागतं. बाहेर थंडी असेल याची काळजी असावी लागते. त्याने ऐकलं नाही म्हणून त्याला काढलं, हे खरं. पण काढताना देवाचे हात काय करत होते ते बघा."

ह्यांनी नळातला स्क्रू दोनदा उलटा फिरवला. "तुझं आपलं सगळं मापात," म्हणाले, आणि उठून गेले.

नाटकाचा दिवस आला तरी घोडं तिथेच अडलेलं. तालमींना दोघं यायचे, एक वर, एक खाली, आणि तालीम संपली की वेगवेगळ्या दारांनी जायचे. मला खरंच धास्ती वाटायला लागली होती. हे एवढं करूनही काही झालं नाही, तर पुढे करायला माझ्याकडे काही उरत नव्हतं. डबा वाहत राहायचं, बस. आणि डबे वाहता वाहता अशी वर्षं जातात, हे मी कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या बायकांकडून ऐकलंय.

संध्याकाळी चर्च भरलं. सशांनी नीट उड्या मारल्या. एक झाड शिंकलं, पण जागेवरून हललं नाही. हव्वा झालेली मुलगी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते, तिने फळाचा घास इतक्या झोकात घेतला की मागच्या बाकावर कुणाच्या तरी तोंडाला पाणी सुटल्याचं ऐकू आलं. मग दोघांना आपण काय केलं ते उमगलं. हव्वा झाडामागे गेली. आदाम झुडपात आला आणि माझ्या गुडघ्यांपाशी, पाइपाच्या तोंडाशेजारी उकिडवा बसला. वर लाल बल्ब लागला असणार.

"आदामा. कुठे आहेस?"

तोच घरमालक. मी डोळे मिटले.

दुसरी हाक आली. तिसरीही आली. आमच्याकडे रीत अशी की तिसऱ्या हाकेला आदाम उठतो, बाहेर येतो आणि म्हणतो, मी घाबरलो म्हणून लपलो. तिसरी हाक झाली, पण मुलगा उठला नाही.

"ऊठ," मी पुटपुटले.

त्याने मान हलवली. मग पाइपाच्या तोंडावर वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "बाबा, तुम्ही मला हाक मारताय की आदामाला?"

त्याला पाइपाची गोम कुणी सांगितली, ते मी आजही विचारलेलं नाही. बापाबरोबर तेवढी वर्षं सिंकखाली काढलेली, त्याला सांगावं कशाला लागतंय? पाइप वर गप्प झाला. चर्चमध्ये चुळबुळ सुरू झाली. तीन हाका होऊनही आदाम बाहेर नाही, असं कधी घडलं नव्हतं. इलेक्ट्रिशियनला वाटलं आपलंच काही चुकलं, त्याने दिवे एकदा मिचकावले.

"दोघांनाही," झुडपातून देव म्हणाला.

लोकांना एवढंच ऐकू आलं. त्यांना वाटलं, आदाम आणि हव्वा. हव्वेलाही तसंच वाटलं, ती अर्धी उठली, मग हे आपल्या पाठांतरात नाही म्हणून परत बसली.

"मग अशी रागाने का मारता?" मुलगा म्हणाला.

"मला दुसऱ्या प्रकारे येत नाही."

चर्चमध्ये हशा पिकला. विंगेत पाळकबाईंनी हात कपाळाला लावला, पण तो लगेच खाली घेतला आणि कान टवकारले.

"तुम्हीच म्हणालात, इथे तुझं काय काम."

"म्हटलं. हो. म्हटलं मी तसं."

"मग परत बोलावलं का नाही?"

"मला वाटलं तू येशील. तुला वाट माहीत होती."

"वाट माहीत होती हो. दाराशी उभं राहून काय बोलायचं ते कळत नव्हतं. मला भीती वाटत होती, बाबा."

माझ्या हातातल्या कागदावर आदामाचं वाक्य जवळजवळ हेच होतं. पण तो कागदाकडे बघत नव्हता.

"माझी भीती?" पाइपातून आलं. "माझी?" आता तो घरमालक कुठेच नव्हता. तो आवाज मी लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकला होता, आणि नंतर मुलाला पहिला ताप आला तेव्हा. चर्चमधली चुळबुळ थांबली. "अरे, असं कसं... तू गेल्यापासून घरात काय चाललंय तुला माहितीये का? तुझी आई रोज रडते."

"आजी, आदामाला आई होती?" एका सशाने खणखणीत आवाजात विचारलं.

आता यात मला ओढायचं काही कारण होतं का? मी मुलाला बाजूला सारलं आणि पाइपात तोंड घातलं. "मी कुठे रडते? माझ्या नावावर खपवू नका."

वर बाक करकरला. ऑर्गनवाल्याने गाण्याची पानं उलटायला घेतली.

"बरं," देव म्हणाला. "ती नाही रडत. मी रडतो."

चर्चमध्ये कुणी हललं नाही.

"न्हाणीघरात नळ सोडून बसतो. म्हणजे बाहेर ऐकू जात नाही."

मी स्टुलावर तशीच बसून राहिले. थेंब थेंब गळणाऱ्या नळासाठी शेजाऱ्यांना व्याख्यान देणारा हा माणूस गेले कित्येक महिने नळ धो धो सोडून आत बसायचा, आणि मी बाहेरून दार ठोठावून ओरडायची. "पाइपातली हवा काढतोय," असं उत्तर यायचं. मला ते खरं वाटायचं. प्लंबर म्हणतो तर असेल हवा. ह्या घरातलं दुःख मी एकटी वाहते आणि ह्यांच्या वाट्याला नुसता राग आलाय, असं मी धरून चालले होते. मला ह्यांच्याबद्दल इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं बरंही.

मुलाने पाइपाच्या कडेवर कपाळ टेकलं होतं. "बाबा," तो म्हणाला, "मला अजून पटत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही."

"नको बोलू. खोटं नको बोलू." देवाने नाक ओढलं, तेही चार इंची पाइपातून सगळ्यांना ऐकू आलं. "पण बाहेर ये. तू तिथे लपलास की मला कुणाशी बोलावं ते कळत नाही."

मुलगा उठला. एक पान माझ्या स्टुलाला अडकून तुटलं. तो झुडपातून बाहेर आला, दिव्यात उभा राहिला आणि वर, माळ्याच्या दिशेने तोंड करून म्हणाला, "इथे आहे मी." पुढच्या बाकावर आमच्या निवृत्त नर्सबाई बसतात. ऑपरेशन थिएटरमध्ये जन्म काढला, पण त्यांच्या डोळ्यात कधी पाणी पाहिलं नाही असं लोक सांगतात. त्यांनी शेजारणीचा रुमाल घेतला आणि परत दिला नाही.

पण नाटक ते नाटक. आता देवाने हकालपट्टीचं वाक्य म्हणायला हवं होतं. पाइप गप्प. पाळकबाई विंगेतून हातवारे करून थकल्या. दाराशी आमचा देवदूत, म्हणजे औषधांच्या दुकानातला फार्मासिस्ट, सोनेरी कागद लावलेली लाकडी तलवार घेऊन कधीचा तयार उभा होता. शेवटी मुलालाच बापाची दया आली.

"देवा," तो झुडपाकडे वळून म्हणाला, "आता आम्हाला जावं लागेल ना?"

"हो," फार हळू आलं. "जावं तर लागेल."

मी कोट पुढे केले. हव्वेने घातला, मुलाने घातला, त्याच्या कोटाची कॉलर मी सरळ केली. आमच्याकडे दोघं मधल्या वाटेने थेट मोठ्या दाराकडे चालत जातात, बाहेर पडतात, देवदूत तलवार आडवी धरतो आणि ऑर्गन सुरू होतो. दोघं निघाले. दाराबाहेर पडले. देवदूताने तलवार आडवी धरली. ऑर्गनवाल्याने हात उचलले, आणि माळ्याची शिडी करकरली.

आधी बूट दिसले, मग कामाची पँट, तिच्या गुडघ्यावर पाइपाला लावायच्या सोल्युशनचा पांढरा डाग. मग पाठ. हे शिडी नेहमी पाठमोरे उतरतात, गुडघ्यांमुळे. केसांत माळ्यावरची जळमटं. इतक्या वर्षांत लोकांनी देवाला एकदाच पाहिलं होतं, तेही पेपरमिंट खाताना. आता तो पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सगळ्यांच्या देखत खाली आला.

"थांब," हे म्हणाले. पाइपातून नाही, नुसत्या तोंडाने, त्यामुळे आवाज अगदी साधा वाटला. "थांब रे. मीही येतो."

आणि मधल्या वाटेने चालू लागले. दोन्हीकडची माणसं पाय आत घेत होती. दाराशी फार्मासिस्टने सवयीने तलवार आडवी केली, मग समोर कोण आहे ते पाहिलं.

"काका," तो दबक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही आत राहायचं ना?"

"बाजूला हो."

त्याने पाळकबाईंकडे पाहिलं. देवच बागेबाहेर निघाला तर काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पाळकबाई रडत होत्या आणि मान जोरजोरात हलवत होत्या, हो की नाही ते काही कळेना. शेवटी त्याने तलवार बगलेत धरली आणि दोन्ही हातांनी दार उघडं धरून उभा राहिला.

मी झुडपातून निघाले ते थेट दाराशी. तोंडात अजून दोन टाचण्या होत्या. खाली पायऱ्यांवर हव्वा एका बाजूला सरकून उभी होती, आणि बापलेक समोरासमोर. दोघांनाही हात कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं. मला वाटलं, आता हे म्हणतील, चल घरी. मीही तेच म्हटलं असतं. ह्यांनी कोटाची बाही दोन बोटांत धरली, शिवण बघितल्यासारखी.

"त्या लाँड्रीच्या वर राहतोस ना?" हे म्हणाले.

"हो."

"पाण्याला प्रेशर येतं का तिथे?"

"नाही येत. सकाळी तर थेंबही नसतो."

"मला वाटलंच. चल, बघू."

आणि दोघं त्या बाजूने चालू लागले.